मैदानकाठची विचारपूस : गोल करणारा संघ चालवायला लागतो तेव्हा

गेल्या अंकात एक छोटी चौकट छापली होती. इंग्लंडच्या साखळी फुटबॉलमध्ये सर्वाधिक गोल आर्थर रोली यांच्या नावावर आहेत, एकूण ४३४. आणि त्यातले शेवटचे १५२ त्यांनी श्रूजबरी टाउन या लहान क्लबात खेळाडू आणि मॅनेजर ही दोन्ही कामं एकदम करताना मारले, एवढाच मजकूर. त्यावर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी लिहिलं. बहुतेकांचे प्रश्न शेवटी आपापल्या गावच्या संघापाशी येऊन ठेपले, आणि ते बरंच झालं.

प्रश्न : टीव्हीवर कायम ॲलन शिअररचे २६० गोल ऐकतो. मग हे ४३४ आले कुठून? आणि खालच्या डिव्हिजनमधले गोल खरे धरायचे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सावंतवाडी)

शिअररचे २६० गोल प्रीमियर लीगमधले, म्हणजे १९९२ नंतरच्या सर्वांत वरच्या श्रेणीतले. रोलींचे ४३४ हे फुटबॉल लीगच्या चारही श्रेणी मिळून. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मापं वेगळी आहेत.

हिशेब असा. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून २४ सामन्यांत ४, फुलहॅमकडून ५६ सामन्यांत २७, लेस्टर सिटीकडून ३०३ सामन्यांत २५१, श्रूजबरीकडून २३६ सामन्यांत १५२. एकूण ६१९ सामने. दर दहा सामन्यांना सात गोल, आणि तेही महायुद्धानंतरपासून १९६५ पर्यंत. १९५६-५७ च्या एकाच हंगामात लेस्टरसाठी ४४ गोल मारून त्यांनी संघाला दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून दिलं. तरीही इंग्लंडच्या मुख्य संघातून त्यांना एकदाही खेळवलं गेलं नाही. सर्वांत वरच्या श्रेणीत ते थोडेच हंगाम खेळले, हे त्याचं एक कारण. त्यांचा विक्रम लोकांच्या तोंडी नाही, त्याचंही कारण तेच.

धरायचे का, असं विचारता, तर धरायचेच. खालच्या श्रेणीत बचाव कच्चा असतो हे अर्धसत्य आहे. बचाव कच्चा तसा तुम्हाला पास देणाराही कच्चा. वरच्या संघात स्ट्रायकरला सामन्यात पाच-सहा चांगले चेंडू मिळतात, खाली दोन मिळाले तरी नशीब. त्यात चिखलाची मैदानं, पाणी पिऊन जड होणारा चामड्याचा चेंडू, आणि बदली खेळाडूची सोयच नाही. इंग्लंडच्या साखळीत बदली खेळाडूची परवानगी १९६५-६६ च्या हंगामापासून मिळाली, आणि रोलींचा खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम होता १९६४-६५. म्हणजे पाय मुरगळो की दम लागो, सगळी कारकीर्द नव्वद मिनिटांच्या हिशेबाने काढायची.

श्रूजबरीतले त्यांचे आकडे हंगामवार वाचा, फार काही कळतं : ३८, ३२, २८, २३, २४, ५, २. ते १९५८ मध्ये तिथे आले तेव्हा ३२ वर्षांचे होते. त्याच वर्षी लीगने तिसऱ्या श्रेणीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट मोडून तिसरी आणि चौथी श्रेणी तयार केली होती. चौथ्या श्रेणीच्या त्या पहिल्याच हंगामात श्रूजबरीचा चौथा क्रमांक आला. वर चढणारे संघ चार होते, त्यामुळे बढती मिळाली. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी रोलींचे एकूण गोल ३८० झाले आणि डिक्सी डीनचा ३७९ चा विक्रम मागे पडला. त्याच १९६०-६१ च्या हंगामात लीग कप पहिल्यांदा खेळवला गेला, आणि श्रूजबरीने एव्हर्टनला हरवून उपांत्य फेरी गाठली. एक संघ चौथ्या श्रेणीतून नुकताच वर आलेला, दुसरा पहिल्या श्रेणीतला. हा निकाल मॅनेजर रोलींच्या खात्यावर जमा करायला हवा, गोल करणाऱ्या रोलींच्या नाही.

प्रश्न : आमचं मैदान खाडीला लागून आहे. प्रत्येक सामन्यात दोन-तीन चेंडू पाण्यात जातात, एखादा ओहोटीबरोबर वाहूनच जातो. मोठ्या क्लबांना अशी अडचण कधी आली का? उपाय सुचवा. (क्रीडाशिक्षक, मालवण)

आली, आणि नेमकी रोलींच्याच क्लबाला. श्रूजबरीचं गे मेडो हे जुनं मैदान सेव्हर्न नदीच्या काठावर होतं. स्टँडवरून गेलेला चेंडू थेट नदीत पडायचा. तो आणायला फ्रेड डेव्हिस नावाचे गृहस्थ कोरॅकल घेऊन उतरत. कोरॅकल म्हणजे टोपलीसारखी गोल, एका माणसाची होडी. हंपीला तुंगभद्रेत चालतात त्याच जातीची. इंग्लंडभर ते या कामासाठी ओळखले जात. २००७ मध्ये क्लब नव्या मैदानावर गेला आणि नदी सुटली.

तुमच्याकडे पातवाले (पात म्हणजे लहान होडी) पुष्कळ असतील, पण प्रत्येक चेंडूमागे पात काढणं परवडायचं नाही. जाळी लावा. मासेमारीची जुनी जाळी चालते, पण निवडून घ्या. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या एकेरी पारदर्शक धाग्याची जाळी नको. ती दिसत नाही, तिच्यात पक्षी अडकतात आणि चेंडूच्या माऱ्याने गाठी सरकतात. पिळाच्या जाड दोऱ्याची घ्या. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो, त्यामुळे १० ते १२ सेंटिमीटरचा आस (जाळीचं भोक) पुरतो. त्याहून बारीक घेतलीत तर वारा धरते आणि खांब वाकतात.

गोलरेषेमागे ३ ते ४ मीटरवर, दर ५ मीटरला एक खांब, जमिनीवर ६ मीटर उंची. सुरूचा वासा किंवा चांगला जून बांबू चालेल, पण निदान एक मीटर जमिनीत गेला पाहिजे आणि खाडीच्या बाजूने ताणदोर हवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जाळी खेचून बांधणं. ताणलेल्या जाळीवर आपटलेला चेंडू उसळून परत मैदानात येतो आणि प्रत्येक माऱ्याचा हिसका खांबाला बसतो. लांबीच्या सव्वापट जाळी घ्या आणि ती ढिली सोडा, म्हणजे चेंडू तिच्यात मरतो. खालच्या दोरावरची शिशाची वजनं काढून टाका, मुलं त्यावर पडतात. त्याऐवजी जाळीची खालची हातभर कड जमिनीवर पसरू द्या, चेंडू खालून निसटत नाही. मृग लागण्यापूर्वी सगळी उतरवून ठेवा.

खाऱ्या पाण्यात पडलेला चेंडू तसाच उन्हात टाकू नका. मीठ शिवणीत सुकलं की दोरा कुजतो. सामना संपल्यावर लगेच गोड्या पाण्यात बुडवून काढा, फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. सुई घालण्यापूर्वी ती ग्लिसरीनमध्ये बुडवा. खोबरेल नको, तेलाने रबर खराब होतं. नियमाप्रमाणे चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि आतला दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर हवा. दाब मोजायचं साधन नसेल तर दोन मीटर उंचीवरून सिमेंटच्या कट्ट्यावर सोडा. सव्वा ते दीड मीटर उसळला तर ठीक.

प्रश्न : वय ३३. गावच्या मंडळातून पुढे स्ट्रायकर खेळतो. यंदा संघही माझ्याकडेच दिलाय. सोळा पोरं आहेत. स्वतःला खेळवायचं की बाहेर बसायचं? चुलतभावाला एका सामन्यात बसवलं तर तो आठवडाभर बोलत नव्हता. (मच्छीविक्रेते, हर्णै)

खेळा. पण खेळाडू-मॅनेजर जिथे चुकतो त्या जागा ठरलेल्या आहेत, त्या आधी ओळखून ठेवा.

पहिली जागा नजरेची. स्ट्रायकर उभा असतो समोरच्यांच्या बचावात, बहुतेक वेळ आपल्याच गोलकडे तोंड करून चेंडूची वाट बघत. आपली बचावफळी कुठे फाटते ते त्याला तुकड्यातुकड्यांनी दिसतं, आणि दिसतं तेव्हा तो चिडलेला असतो, कारण चेंडू त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. म्हणून बाहेर एक माणूस ठेवा, शक्यतो जुना गोलकीपर किंवा बचावपटू, आणि त्याला गप्पा मारायला नाही तर कामाला बसवा. वहीच्या पानावर मैदानाचा आयत काढून सहा चौकोन करायचे. आपल्याकडून चेंडू गेला की त्या चौकोनात ठिपका. दर पंधरा मिनिटांनी पेनाचा रंग बदलायचा. मध्यंतराला तुमच्या हातात पान येईल तेव्हा वाद घालायचं कारण उरणार नाही. डाव्या कोपऱ्यात नऊ ठिपके असतील तर डावा बचावपटू एकटा पडतोय, एवढं उघड असतं.

दुसरी जागा स्वतःला बदलण्याची. चाळीस मिनिटांनंतर आपला वेग उतरला हे धावणाऱ्याला सर्वांत शेवटी कळतं. त्या बाहेरच्या माणसाला सामन्याआधी सगळ्यांसमोर अधिकार द्या : त्याने हात वर केला की तुम्ही बाहेर, प्रश्न नाही. हे खेळाडूंसमोर बोलून ठेवलं नाही तर तो बिचारा हात वर करायचा नाही. रोलींना ही सोय नव्हती म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला. वर दिलेले आकडे पुन्हा बघा. २४ नंतर एकदम ५, मग २. सदतिशीनंतर त्यांनी स्वतःला हळूहळू बाजूला केलं, आणि मॅनेजर म्हणून पुढे १९६८ पर्यंत राहिले. १९६७-६८ मध्ये, ते स्वतः मैदानात न उतरता, श्रूजबरी तिसऱ्या श्रेणीत तिसरी आली. वर फक्त दोनच संघ जाणार होते.

तिसरी जागा चुलतभावाची, आणि तीच सगळ्यांत नाजूक. संघ सामन्याच्या दिवशी किनाऱ्यावर वाचून दाखवू नका. दोन दिवस आधी ठरवा. जो बसणार आहे त्याला यादी लागण्यापूर्वी स्वतः जाऊन सांगा, घरच्यांसमोर किंवा बाजारात नको. कारण एकच सांगा, आणि ते खेळातलं हवं : ‘त्यांचा उजवा विंगर वेगवान आहे, मला तिथे मागे धावणारा हवा.’ तीन कारणं दिलीत तर तो सर्वांत दुबळं कारण पकडून त्यावर भांडतो. शिवाय पुढच्या सामन्याचं वचन देऊ नका. ते मोडलं तर त्याने पुन्हा विश्वास ठेवावा कशावर?

मध्यंतर नियमाने १५ मिनिटांपेक्षा जास्त नसतं. पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, पाणी आणि श्वास. मग दोनच मुद्दे. तुम्ही स्वतः खेळत असल्याने तुम्हालाही धाप लागलेली असते, आणि धापा टाकत सांगितलेला तिसरा मुद्दा शिवीसारखा ऐकू येतो. पेनल्टी कोण घेणार ते आदल्या दिवशी ठरवा. तुम्ही घेणार असाल तर सरावातले वीसपैकी गोल सगळ्यांसमोर मोजून दाखवा. मॅनेजर आहे म्हणून पेनल्टी घेतो, असं एकाही पोराला वाटता कामा नये.

प्रश्न : मोठे गोल करणारे मॅनेजर झाले की बहुतेक फसतात, असं का? (निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण)

बहुतेक मॅनेजर फसतातच, मग ते कुठल्याही जागेवर खेळलेले असोत. पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे.

गोल करणाऱ्याचं अर्धं कसब अंगात मुरलेलं असतं, शब्दांत नसतं. चेंडू पडायच्या आधी तो तिथे पोचलेला असतो, आणि ‘तुला कसं कळलं’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. बचावपटूचं काम मात्र बोलूनच चालतं : ‘रेषा वर’, ‘माणूस सोडू नको’. म्हणून बचावपटू मॅनेजर झाला की त्याच्याकडे शिकवायची भाषा तयार असते, स्ट्रायकरला ती नव्याने कमवावी लागते. ज्यांनी हे ओळखलं त्यांनी जोडीदार मागच्या फळीतला घेतला.

ब्रायन क्लफ यांचं उदाहरण याला सर्वांत चांगलं. मिडल्सब्रो आणि संडरलंडसाठी साखळीत २७४ सामन्यांत २५१ गोल. २६ डिसेंबर १९६२ ला गुडघा गेला आणि खेळाडू म्हणून कारकीर्द जवळपास तिथेच संपली. १९६५ मध्ये, तिशीतच, ते चौथ्या श्रेणीतल्या हार्टलपूल्सचे मॅनेजर झाले आणि सहायक म्हणून त्यांनी पीटर टेलर यांना आणलं. टेलर मिडल्सब्रोचे गोलकीपर होते. क्लबात पैशांची इतकी चणचण होती की संघाची बस चालवता यावी म्हणून क्लफ यांनी परवाना काढला. याच जोडीने पुढे डर्बी काउंटीला १९७२ चं आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७८ चं लीग विजेतेपद दिलं, आणि फॉरेस्टला १९७९ व १९८० असे सलग दोन युरोपियन कप. खेळाडू हेरायचं टेलर यांचं डोकं आणि त्यांच्याकडून खेळ काढून घ्यायची क्लफ यांची हातोटी, यांतलं एक काढलं असतं तर दुसरं अर्धवट राहिलं असतं.

रोलींचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९६८ मध्ये शेफील्ड युनायटेडने त्यांना नेलं, ते एकच हंगाम टिकले. १९७० मध्ये साउथएंड युनायटेडकडे गेले, १९७१-७२ ला चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक आणून संघ वर नेला, १९७६ ला तो परत खाली आला आणि ते बाहेर पडले. याला अपयश म्हणावं असं आम्हाला वाटत नाही. खालच्या श्रेणीत क्लब खेळाडू विकून दिवस काढतो. जो संघ वर आणला त्यातले चांगले दोघे गेले की मॅनेजरने पुन्हा पहिल्यापासून मांडणी करायची, हा तिथला धर्म.

जॉन ऑल्ड्रिज हेही याच वाटेचे. न्यूपोर्ट, ऑक्सफर्ड, लिव्हरपूल, रेआल सोसिएदाद असा प्रवास करून ट्रॅनमिअर रोव्हर्सला आले आणि १९९६ मध्ये तिथेच खेळाडू-मॅनेजर झाले. गोलांची सवय असलेल्या या माणसाने हाताशी जे होतं ते वापरलं : डेव्ह चॅलिनर या बचावपटूची लांबच लांब थ्रो-इन. चेंडू पुसायला बाजूला टॉवेल ठेवलेले असत, कारण ओला चेंडू हातातून निसटतो. थ्रो-इनवर ऑफसाईड नसतो, त्यामुळे उंच माणसं थेट गोलसमोर उभी करता येतात. हा संघ २००० मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. लेस्टरकडून १-२ असा हरला. पावसाळी स्पर्धा खेळणाऱ्या आपल्या संघांनी निदान टॉवेल तरी उचलावा.

प्रश्न : रेक्सहॅमला एका वर्षी ९८ गुण मिळूनही बढती मिळाली नाही असं वाचलं. हे कसं शक्य आहे? (आंबा बागायतदार, देवगड)

तो २०११-१२ चा हंगाम. रेक्सहॅम क्लब वेल्सचा, पण खेळतो इंग्लंडच्या साखळीत. तेव्हा तो पाचव्या श्रेणीत होता आणि अँडी मॉरेल खेळाडू-मॅनेजर होते. तेही स्ट्रायकरच, आणि २००२-०३ मध्ये याच क्लबासाठी साखळीत ३४ गोल केलेले. पाचव्या श्रेणीतून वर जायला दोनच दारं : पहिला क्रमांक थेट, आणि त्यामागच्यांपैकी एक प्ले-ऑफमधून, म्हणजे हंगाम संपल्यावर त्यांच्यात होणाऱ्या बाद सामन्यांतून. फ्लीटवुडने १०३ गुण केले. रेक्सहॅम दुसरा, आणि प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत ल्यूटनकडून हरला. म्हणजे ४६ सामन्यांची कमाई दोन सामन्यांत गेली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी वेम्बलीवर ग्रिम्सबीला पेनल्टींवर हरवून एफए ट्रॉफी जिंकली, आणि मे महिन्यात तिथेच प्ले-ऑफचा अंतिम सामना न्यूपोर्टविरुद्ध ०-२ असा गमावला.

चौथ्या श्रेणीतून मात्र तीन संघ थेट आणि चौथा प्ले-ऑफमधून वर जातो. पाचव्यातल्या या अरुंद दाराबद्दल तिथे अजून नाराजी आहे, आणि ती रास्त आहे. १९८६-८७ पूर्वी तर हे दारही नव्हतं. तळाच्या क्लबांना ठेवायचं की बाहेरच्याला घ्यायचं ते लीगचे सभासद मतदानाने ठरवत, आणि बहुधा जुनेच राहत. रेक्सहॅम शेवटी २०२३ मध्ये १११ गुणांसह वर चढला; त्या वर्षी दुसऱ्या आलेल्या नॉट्स काउंटीचे १०७ होते. काउंटी प्ले-ऑफमधून वर आली, नाहीतर तुमचा प्रश्न १०७ गुणांबद्दल आला असता.

प्रश्न : मोठा स्ट्रायकर राहिलेल्याला प्रशिक्षकाचा परवाना लागतो का? आपल्याकडे सुरुवात कुठून करावी? (रत्नागिरी)

लागतो. रोलींच्या काळात नाव पुरत असे, आता इंग्लंडमध्ये युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या) सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना घ्या; वय १८ पूर्ण हवं. त्यापुढे सी, बी, ए, प्रो. महाराष्ट्रातले वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात, जिल्हा संघटनेत नाव नोंदवून ठेवा. कोर्सला जाताना बूट घेऊन जा, तिथे मैदानावर शिकवून दाखवावं लागतं.

प्रश्न : मी बारावीत आहे, पुढे खेळते. गोलसमोर चेंडू मिळतो पण वरून जातो. सरावाला फक्त समुद्रकिनारा आहे आणि चार चेंडू. काय करू? (विद्यार्थिनी, दापोली)

चार चेंडू पुष्कळ झाले. आधी वरून का जातो ते पाहू. फटका मारताना टेकलेला पाय चेंडूच्या मागे राहिला की शरीर मागे कलतं, आणि पायाचा पंजा चेंडूच्या खाली जातो. कोरड्या वाळूत हे जास्तच होतं, कारण टेकलेला पाय रुततो. म्हणून कोरड्या वाळूवर फटक्यांचा सराव करूच नका. तिथे धावा, उड्या मारा, पायात ताकद येईल. फटके ओल्या, घट्ट वाळूवर.

दोन काठ्या ७.३२ मीटर अंतरावर रोवा, आणि २.४४ मीटर उंचीवर सुतळी ताणून बांधा. सुतळीवर मध्ये एखादं फडकं लटकवा, म्हणजे चेंडू खालून गेला की वरून यावर भांडण होणार नाही. गोलपासून ११ मीटरवर पायाने खूण करा. मैत्रीण बाजूने, गोलरेषेजवळून, चेंडू मागे सरकता देईल. तुम्ही खुणेच्या चार-पाच पावलं मागे उभ्या राहा. तिने चेंडूला पाय लावेपर्यंत हलायचं नाही. घाई केली तर तुम्ही चेंडूच्या पुढे निघून जाता आणि मागे वळून मारावं लागतं. वरून जाण्याचं दुसरं मोठं कारण हेच. टेकता पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर, बोटं गोलकडे. नजर चेंडूच्या मधल्या भागावर. छाती चेंडूवर झुकलेली. आतल्या कडेने, एकाच स्पर्शात, दूरच्या काठीच्या मुळाशी. जोर नको.

सहा फटक्यांचा एक फेरा, मग दीड मिनिट विश्रांती. असे चार फेरे, त्यातला एक पूर्ण दुबळ्या पायाने. त्यापुढे वाढवू नका; पाय दमला की शरीर आपोआप मागे कलतं, आणि आपण चुकीचीच सवय घोटत बसतो. सहापैकी पाच सुतळीखालून जायला लागले की मैत्रिणीला जरा उसळता चेंडू द्यायला सांगा.

आता वेळ. घरात कोणी दर्यावर जाणारं असेल तर हा हिशेब ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. चतुर्दशीला भरती साडेदहाच्या सुमाराला, ओहोटी पावणेपाचला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराला, ओहोटी साडेपाचला. म्हणजे त्रयोदशी ते पौर्णिमा-अमावास्या हे दिवस संध्याकाळच्या सरावाचे, आणि उधाणाचे असल्याने पाणी लांबही जातं, घट्ट पट्टा रुंद मिळतो. ओहोटीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, एवढाच वेळ धरा. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी साडेआठ-नऊला लागते, तेव्हा सराव सकाळी. अष्टमीला ती भर दुपारी बाराला येते. त्या दिवशी चेंडू घरी ठेवा आणि संध्याकाळी कोरड्या वाळूत धावून या.